जांभळी कोरांटी: वटपौर्णिमेला कांडी, दिवाळीला फुलं

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला कोरांटीचं कुंपण आहे. सहा वर्षांत त्याला मोजून दहाबारा फुलं आली असतील. दर वर्षी गणपती उठले की माळीकाका मोठी कात्री घेऊन येतात आणि दिवाळीआधी सगळं कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे म्हणून झुडपं चौकोनी भादरून ठेवतात. तोंडाशी आलेल्या कळ्या पाल्याबरोबर घंटागाडीत जातात. त्याच कुंपणाची एक कांडी मी आणून गच्चीवर लावली आणि गणपतीनंतर तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवाळीत त्या एका कुंडीवर रोज सकाळी वीसपंचवीस जांभळी फुलं असायची आणि त्यांच्यावर भुंग्यांची अशी गर्दी, की मी कपडे वाळत घालायला जायची वेळ बदलली.

सांगायचं एवढंच की कोरांटीला लाड लागत नाहीत, वेळ लागते. कात्री कधी लावायची आणि कधी कपाटात ठेवायची हे कळलं की बाकी सगळं ती स्वतः करते. म्हणून या लेखात महिन्यांबरोबर सणही येतील. आमच्या आजीच्या परसात कॅलेंडर नव्हतं, पण कोरांटी वेळेवर फुलायची.

नेमकी कोणती कोरांटी?

कोरांटी म्हटलं की अनेकांना पिवळी आठवते. ती वज्रदंती, पानांच्या बेचक्यात तीक्ष्ण काटे असलेली. आपण बोलतोय ती जांभळी, शास्त्रीय नाव बार्लेरिया क्रिस्टाटा. हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली दिलं. त्यातलं ‘बार्लेरिया’ हे सतराव्या शतकातल्या बारेलिए या फ्रेंच धर्मगुरूच्या नावावरून आलं. तो वनस्पतींचाही अभ्यासक होता. इंग्रजीत हिला ‘फिलिपीन व्हायोलेट’ म्हणतात ते मात्र चुकीचं आहे. झाड मूळचं भारतातलं आणि आसपासच्या देशांतलं. आपल्याकडे ती डोंगरउतारावरच्या झुडपांत, जंगलाच्या कडेला, जुन्या कुंपणांत सापडते. कूळ अडुळशाचं. म्हणजे अबोली आणि कारवी या तिच्या चुलतबहिणीच.

नर्सरीत ‘जांभळं फूल, फुलपाखरांचं झाड’ म्हणून मागितलंत तर दहापैकी आठ वेळा हातात रुएलिया ठेवतील. तिचीही फुलं जांभळी आणि कर्ण्यासारखीच असतात, पण आपल्याकडे सर्रास विकली जाणारी लांब, अरुंद पानांची रुएलिया अमेरिका खंडातून आलेली आहे. ओळखायची खूण सोपी आहे, फुलाकडे न बघता कळीच्या बुडाशी बघा. कोरांटीच्या कळीला बाहेरून दोन मोठी, पानासारखी चपटी निदलं असतात. त्यांच्यावर शिरांची जाळी दिसते आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असतात. बोट फिरवलं की हलकेच टोचतात. फूल गळून गेल्यावरही ही निदलं वाळून कागदासारखी होतात आणि बोंडाला मिठी मारून बसतात. रुएलियाला असलं काही नसतं. शिवाय कोरांटीची पानं हाताला किंचित लवदार लागतात.

पांढरी, गुलाबी आणि जांभळ्यावर पांढऱ्या पट्ट्यांची कोरांटीही मिळते. तुमची आवड. मला साधी जांभळीच बरी वाटते.

कांडी: जून-जुलै

रोप विकत आणायची गरज नाही. ओळखीच्या कुणाच्या अंगणात कोरांटी असेल तर वटपौर्णिमेच्या सुमारास, पाऊस लागल्यावर, कांड्या मागून आणा. हवेत दमटपणा असतो, त्यामुळे मुळं फुटेपर्यंत कांडी सुकत नाही. मार्चमध्येही मी करून पाहिलंय. पाणी शिंपडून शिंपडून जीव गेला आणि हाती दोन रोपं लागली.

कांडी कोवळ्या हिरव्या शेंड्याची नको आणि बुडाच्या राखाडी लाकडाचीही नको. मधली घ्या, जी वाकवली तर वाकते पण जास्त वाकवली तर कटकन मोडते. जाडी पेन्सिलपेक्षा थोडी कमी, लांबी साधारण वीतभर, तीनचार पेरं हवीत. खालचा काप पेराच्या लगेच खाली तिरका घ्यायचा, वरचा सरळ. तिरका-सरळ करण्याचं कारण अगदी घरगुती आहे, ढिगात कांड्या एकत्र झाल्या की उलटी कांडी लावली जाते. मी लावलेली आहे.

खालच्या दोन पेरांवरची पानं काढा. वरची दोन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. कळी दिसली तर खुडा, नाहीतर कांडी मुळं सोडून फूल काढण्याच्या मागे लागते. दोन भाग चाळलेली माती आणि एक भाग वाळू एवढं मिश्रण पुरतं. यात शेणखत घालू नका, कापाला बुरशी लागते. पिशवी म्हणाल तर नर्सरीची काळी चालते. मी दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली चार भोकं पाडून वापरते. आधी काडीने भोक पाडायचं, मग कांडी आत ठेवायची आणि बाजूची माती बोटांनी घट्ट दाबायची. दोन पेरं मातीत गेली पाहिजेत, मुळं तिथूनच येतात.

पिशव्या व्हरांड्यात किंवा झाडाखाली ठेवा. उजेड हवा, पण पावसाचा थेट मारा नको. तीनचार आठवड्यांनी कांडी चिमटीत धरून अगदी हलकेच वर ओढून पाहा. विरोध जाणवला तर मुळं आली. रोज ओढून पाहणाऱ्यांची कांडी कधीच लागत नाही, हे वेगळं सांगायला नको. माझ्या दहातल्या सातआठ लागतात, मुळं फुटायची संजीवक पावडर न लावता.

बियांपासूनही रोप होतं, त्याबद्दल पुढे. पण घाई असेल तर कांडीच. जूनमध्ये लावलेली कांडी त्याच दिवाळीत चारदोन फुलं दाखवते, खरा बहर दुसऱ्या वर्षी येतो.

जागा आणि माती

दिवसातून चारपाच तास ऊन हवं. सकाळचं मिळालं तर उत्तम. पूर्ण सावलीत कोरांटी मरत नाही, पण उंच, किडकिडीत होते आणि फुलं नावाला येतात. दिवसभर उन्हातही ती टिकते, फक्त एप्रिल-मेमध्ये पानं मरगळतात.

एका गोष्टीचं तिला वावडं आहे, ते म्हणजे तुंबलेलं पाणी. देशावरच्या काळ्या मातीत हाच घोटाळा होतो. पावसाळ्यात माती पाणी धरून बसते आणि मुळं कुजतात. तिथे खड्डा खणण्याऐवजी उंचवटा करा. वीतभर उंचीचा वरंबा, त्यात मुरूम आणि कंपोस्ट मिसळलेलं, आणि त्यावर रोप. कोकणात उलट परिस्थिती. जांभ्यात पाणी थांबतच नाही, तिथे दीड फुटाचा खड्डा घेऊन अर्ध्यापर्यंत कुजलेला पालापाचोळा भरा.

कुंडी असेल तर बारा ते चौदा इंची. तळाच्या भोकावर खापरी, मग माती, कंपोस्ट आणि वाळू सारख्या भागांत. गच्चीवर वजनाचा प्रश्न असेल तर थोड्या मातीच्या जागी कोकोपीट घ्या.

रोप मोठ्या जागी हलवायचं ते जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, ढगाळ दिवस बघून. कुंपण करायचं असेल तर दोन रोपांत दीड फूट पुरे. एकटं झुडूप वाढवायचं असेल तर तीन फूट सोडा, कारण ते कंबरेएवढं होतं, कधी छातीपर्यंतही जातं, आणि रुंदीलाही तेवढंच पसरतं.

शेंडे खुडणं, आणि थांबणं

आता मुख्य भाग. कोरांटीची फुलं फांदीच्या टोकाला आणि टोकाजवळच्या पानांच्या बेचक्यात झुबक्याने येतात. म्हणजे टोकं जितकी जास्त तितकी फुलं जास्त. एक शेंडा खुडला की खालच्या पेरातून दोन फांद्या फुटतात. त्या दोन खुडल्या की चार होतात.

रोप वीतभर झालं की पहिला शेंडा नखाने खुडा. कात्री लागत नाही. तीन आठवड्यांनी, नव्या फांद्यांना तीनचार पानांच्या जोड्या आल्या की दुसऱ्यांदा. जुनं झुडूप असेल तर जून आणि जुलै मिळून असं दोनदा करायचं. शेवटची खुडणी गणपती बसायच्या आधी. गणपती बसले की कात्री बंद.

त्या वर्षी अधिक मास येऊन गणपती सप्टेंबरात गेले असतील तर सणाची वाट पाहू नका, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात हात थांबवा. पुढच्या महिनाभरात टोकांवर कळ्यांचे दातेरी गठ्ठे धरायला लागतात. सुरुवातीला ते इतके हिरवे आणि पानांसारखे दिसतात की माणसाला वाटतं, ‘फार वाढलंय, जरा कापू या’. सगळी फुलं इथेच जातात. कापल्यावर झाड नवी पालवी काढतं खरं, पण तिच्यावर कळी धरेपर्यंत थंडी सरायला येते.

पाणी आणि खत

पावसाळ्यात वरून पाणी नको. पाऊस थांबल्यावर जमिनीतल्या झाडाला चारपाच दिवसांनी एकदा, कुंडीला एक दिवसाआड. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर उद्या. उन्हाळ्यात जमिनीतलं जुनं झाड आठवड्यातून एकदा भरपूर पाणी दिलं तरी तगतं. पानं लोंबली म्हणून घाबरू नका, दुपारी लोंबतात आणि संध्याकाळी उठतात. संध्याकाळीही लोंबलेलीच असतील तर खरी तहान.

खत वर्षातून दोनदा: जूनमध्ये दोन ओंजळी कंपोस्ट किंवा कुजलेलं शेणखत आणि पाऊस सरताना एक ओंजळ. बस. एका वर्षी मी उत्साहात युरिया टाकला. पानं अशी हिरवीगार, तुकतुकीत झाली की शेजारीण विचारायला आली. फुलं मात्र निम्म्यावर आली आणि कोवळ्या शेंड्यांवर मावा भरला तो वेगळाच.

दिवाळी ते संक्रांत: पाहुणे

साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत फुलं येत राहतात. बाकीची रानफुलं पावसाबरोबर आटोपती घेतात आणि शहरातल्या मधमाश्यांना खायचे वांधे होतात, नेमक्या त्या दिवसांत. म्हणून या झुडपाचं मोल जास्त.

सकाळी आठनंतर कुंडीजवळ दहा मिनिटं नुसतं उभं राहा. सर्वांत आधी येतो काळा, अंगठ्याएवढा सुतारी भुंगा. तो बसला की फूल खाली झुकतं. फुलाची नळी दोन इंचांच्या आतबाहेर असते आणि मध तळाशी असतो. काही भुंगे शहाणपणा करून नळीच्या बुडालाच बाहेरून चीर पाडतात आणि मध पळवतात, परागकणांना हातही न लावता. चोरी झालेलं फूल ओळखू येतं, देठाजवळ तपकिरी रेघ दिसते.

माझी लाडकी मात्र निळ्या पट्ट्यांची माशी. सातेरी मधमाशीपेक्षा जराशी गुबगुबीत, पोटावर मोरपिशी झाक असलेले आडवे पट्टे. ती फुलासमोर हवेतच थांबते, लांब सोंड आधीच बाहेर काढून, आणि मग झटक्यात आत शिरते. फुलाच्या तोंडाशी दोन लांब पुंकेसर पुढे आलेले असतात, ते तिच्या अंगाला घासतात. ही माशी पोळं करत नाही. मादी एकटीच मातीत बीळ करून घर करते. नर संध्याकाळी बारीक काटकीला नुसत्या जबड्याने धरून, अंग हवेत ताठ सोडून झोपतात. एकाच काटकीवर चारपाच जण ओळीने.

याचा बागकामाशी संबंध आहे. आपण प्रत्येक इंच पालापाचोळ्याने झाकतो किंवा फरशी घालतो, मग माशीने बीळ कुठे करायचं? आच्छादन जरूर करा, पण उन्हात हातभर जागा उघड्या मातीची ठेवा. गच्ची असेल तर एक कुंडी नुसत्या मातीची, कोरडी. आणि एखादी वाळकी जाड फांदी किंवा बांबूचा तुकडा कोपऱ्यात पडू द्या, सुतारी भुंगे त्यात घर कोरतात. चावतील का, हा प्रश्न हमखास येतो. भुंग्याची आणि या माशीची मादी हातात दाबली तर डंख मारते. फुलावर असताना तिला तुमच्याशी काहीही घेणंदेणं नसतं. शिंजीर पक्षीही येतो, पण तो बसायला नीट फांदी शोधतो, त्यामुळे मोठ्या झुडपावरच दिसतो.

फुलपाखरांचं नातं थोडं वेगळं. लेमन पॅन्सीसारखी पॅन्सी गटातली फुलपाखरं या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात. पानं कुरतडलेली दिसली आणि वर फाटे फुटलेले काटे असलेला काळपट सुरवंट दिसला, तर तो शत्रू नाही. आठदहा पानं जातील. जाऊ द्या.

कीड, आणि फवारा कुठला नको

खरा त्रास पिठ्या ढेकणाचा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात आणि खोडावरून मुंग्यांची रांग चढत असते. मुंग्या दिसल्या की समजायचं. थोडीच कीड असेल तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा. जास्त असेल तर एक लिटर पाण्यात पाच मिली नीम तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, तेही सूर्य मावळल्यावर आणि फुलं सोडून.

दुकानदार इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक देईल, एका फवाऱ्यात काम होतं असं सांगेल, आणि ते खरंही आहे. पण ते औषध झाडाच्या रसात भिनतं आणि तिथून मधात आणि परागात उतरतं. म्हणजे पाहुण्यांना जेवायला बोलावून आमटीत विष कालवल्यासारखं. रोप नर्सरीतून आणलं असेल तर त्याच्यावर आधी काय मारलंय ते विचारा. सांगता आलं नाही तर पहिल्या वर्षीच्या कळ्या खुडून टाकलेल्या बऱ्या.

बिया आणि छाटणी

संक्रांतीच्या आसपास बोंडं तपकिरी होतात. आत चपट्या, गोलसर चार बिया असतात आणि बोंड तटकन फुटून त्या लांब उडवतं. अबोलीचंही असंच. बिया हव्या असतील तर बोंडं पिवळी पडू लागताच त्या फांदीवर मलमलची पुरचुंडी बांधा. एक बी ओल्या कागदावर ठेवून भिंगातून पाहा: अंगाला चिकटलेले रेशमी केस पाण्याने उभे राहतात आणि क्षणात बुळबुळीत होतात. रानात याच चिकटपणाने बी मातीला धरून बसतं. पेरणी जूनमध्ये, बी जेमतेम झाकेल एवढ्याच मातीखाली. आठपंधरा दिवसांत उगवतं. जवळपास पांढरी कोरांटी असेल तर रोपाचा रंग आईसारखाच येईल याची खात्री धरू नका, तो हट्ट असेल तर कांडी.

मोठी छाटणी फेब्रुवारीअखेर किंवा शिमग्याच्या आधी. झुडूप गुडघ्याच्या खाली, साधारण फूटभर ठेवून कापा. बघवत नाही, पण घाबरू नका. मार्चमध्ये नुसत्या काड्या दिसतात आणि वळवाचे दोन पाऊस झाले की प्रत्येक पेरातून फूट येते. चारपाच वर्षांनी बूड लाकडी होतं, बहर कमी होतो. तेव्हा नवी कांडी लावून जुन्याला निरोप द्यायचा.

रानातून उपटू नका

सह्याद्रीत कोरांटीच्या इतरही जाती आहेत, त्यातल्या काही फक्त इथल्याच. एका जातीला गिब्सनचं नाव आहे, बार्लेरिया गिब्सनी. हा अलेक्झांडर गिब्सन पुण्याजवळ दापोडीची सरकारी बाग सांभाळायचा आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. ट्रेकला गेल्यावर अशी कोरांटी दिसली तर फोटो काढा, मुळासकट पिशवीत घालू नका. कड्याकपारीतलं झाड गच्चीत जगत नाही आणि तिथली जागाही रिकामी होते. कारवी घरी लावू का, असंही विचारतात. सात-आठ वर्षांनी एकदा फुलून मरणारं झाड कुंडीत सांभाळायची चिकाटी असेल तर तुम्हाला माझा नमस्कार.

परदेशात राहणाऱ्यांनीही एक लक्षात घ्यावं. आपली ही गरीब कोरांटी हवाईसारख्या उष्ण, दमट ठिकाणी बागेतून निसटून रानात माजली आहे. म्हणून बिया सामानात घालून नेऊ नका. अमेरिकेच्या मध्यभागात असाल तर तिथली जांभळी रानफुलं, मोनार्डा किंवा जांभळी एकिनेशिया, तिथल्या माश्यांसाठी लावा.

माळीकाकांशी माझा वाद अजून मिटलेला नाही. त्यांचं म्हणणं, सभासद तक्रार करतात, कुंपण वाढलं की गाडीला फांद्या घासतात. तेही खोटं नाही. यंदा तडजोड अशी झाली आहे: पार्किंगकडची बाजू ते हवी तेव्हा कापणार, भिंतीकडची शिमग्यापर्यंत माझी.